ध्रुवावरचे बर्फ आणि खारेपाटाचे बांध

(वसंत व्याख्यानमालेतील ‘वितळणारे ध्रुव आणि भारत’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



६ डिसेंबर १९८१ या दिवशी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ नावाचे एक नॉर्वेजियन जहाज फारसा गाजावाजा न होता दक्षिणेकडे निघाले. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ भारतीयांची तुकडी त्यावर होती. ९ जानेवारी १९८२ रोजी या तुकडीने अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाय ठेवला आणि सातव्या खंडावर भारताचा राष्ट्रध्वज फडकला. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत तेथे भारताचे पहिले संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे नाव ‘दक्षिण गंगोत्री’. हिमालयातील गंगोत्रीचे नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरील हिमप्रदेशाला देण्यात मोठे औचित्य होते. या केंद्रात टपाल कचेरीही सुरू झाली आणि तिचा कारभार गोव्याच्या टपाल विभागाकडे सोपवण्यात आला.

आज ‘दक्षिण गंगोत्री’ कोठे आहे? ती बर्फाखाली गेली. समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर हे केंद्र बांधलेले होते. वर्षामागून वर्षे त्यावर बर्फ साचत राहिले आणि १९९० मध्ये ते सोडून द्यावे लागले. त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या कातळावर ‘मैत्री’ हे दुसरे केंद्र कार्यान्वित झाले होते. २०१२ मध्ये ‘भारती’ हे तिसरे केंद्र सुरू झाले.

दक्षिण गंगोत्रीचे कोडे

ही हकिगत ऐकल्यावर कोणाही सुजाण श्रोत्याच्या मनात एक प्रश्न उभा राहील. ध्रुवावरील बर्फ वितळत आहे, समुद्र वाढत आहे, असे वर्तमानपत्रे रोज सांगतात. मग आपलेच केंद्र साचलेल्या बर्फाखाली गाडले कसे गेले? शंका रास्त आहे. तिला उत्तर न देता ‘पृथ्वी वाचवा’ अशा घोषणा देण्यात अर्थ नाही.

कोड्याची दुसरी बाजू त्याहून उद्बोधक आहे. ‘मैत्री’च्या परिसरात दक्षिण गंगोत्री याच नावाची एक हिमनदी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे शास्त्रज्ञ १९८३ पासून तिच्या मुखाची मोजणी करीत आले आहेत. हे मुख हळूहळू, वर्षाला मीटरभराहूनही कमी वेगाने, मागे सरकताना आढळले आहे. एकाच नावाचे केंद्र बर्फाखाली गेले आणि त्याच नावाची हिमनदी मागे हटली! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत.

याचे कारण असे की हिमखंड हा एखाद्या घराच्या जमाखर्चासारखा असतो. माथ्यावर हिमवृष्टी होते, ती जमा. कडेला बर्फ वितळते किंवा हिमनग होऊन समुद्रात तुटून पडते, तो खर्च. एका ठिकाणी जमा दिसली म्हणून घर सुस्थितीत आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न शिलकीचा आहे, आणि ती तपासायची तर संपूर्ण खंडाचे वजन करावे लागते.

असे वजन करता येते, ही विज्ञानाची किमया. २००२ मध्ये ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी अवकाशात सोडण्यात आली. एकामागून एक, सुमारे २२० किलोमीटरचे अंतर राखून हे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत. खालच्या प्रदेशाचे वस्तुमान बदलले की त्याचे गुरुत्वाकर्षण बदलते आणि दोघांमधील अंतरात अत्यंत सूक्ष्म फरक पडतो. त्या फरकावरून खालचे बर्फ किती घटले याचे गणित मांडले जाते. २०१८ पासून त्यांच्या वारस उपग्रहांनी हे काम पुढे चालू ठेवले. या मोजणीनुसार ग्रीनलंड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन आणि अंटार्क्टिका सुमारे १४० अब्ज टन बर्फ गमावीत आहे. अंटार्क्टिकाच्या पूर्व भागात काही ठिकाणी जमा आहे. परंतु पश्चिमेकडील खर्च त्याहून फार मोठा आहे. शिल्लक घटते आहे.

तरंगते बर्फ आणि जमिनीवरचे बर्फ

या विषयात बराचसा गोंधळ बर्फाचे प्रकार वेगळे न केल्यामुळे होतो. काठोकाठ भरलेल्या सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत असेल, तर तो विरघळल्यावर सरबत सांडत नाही. खड्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. उत्तर ध्रुवाभोवतीचे बर्फ असे आहे. तेथे खंड नाही, गोठलेला समुद्र आहे. हे समुद्रबर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांची गोष्ट निराळी. तेथे बर्फ जमिनीवर बसलेले आहे. ते समुद्रात आले म्हणजे पेल्यात बाहेरून नवा खडा पडला. ग्रीनलंडचे सर्व बर्फ वितळले तर जगभरचा समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. अंटार्क्टिकाचे सर्व बर्फ वितळले तर सुमारे ५८ मीटर. हे उद्या घडणार नाही. त्याला कित्येक शतके, किंबहुना सहस्रके लागतील. पण या प्रचंड साठ्याचा अल्पसा अंश सुटला तरी किनाऱ्यावरच्या माणसाला तो पुरेसा आहे.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. जमिनीवरची हिमनदी समुद्रात उतरते तेव्हा तिच्या तोंडाशी तरंगणारा विस्तीर्ण हिमस्तर तयार होतो. ‘दक्षिण गंगोत्री’ अशाच स्तरावर उभी होती. हा स्तर मागच्या हिमनद्यांना अडसरासारखा रोखून धरतो. २००२ च्या प्रारंभी ‘लार्सन बी’ नावाचा हिमस्तर, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर क्षेत्राचा, सुमारे महिनाभरात मोडून पडला. तो तरंगत होता, त्यामुळे त्याच्या मोडण्याने समुद्र वाढला नाही. पण अडसर निघताच मागच्या हिमनद्या कित्येक पटींनी वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीकडे जगाचे डोळे लागले आहेत ते यामुळेच. उबदार सागरी पाणी तिला खालून पोखरत आहे आणि ती एकटी पूर्णपणे वितळली तर समुद्र अर्ध्या मीटरहून अधिक चढेल.

बर्फाने लिहून ठेवलेली बखर

‘पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदलत होते, मग आजच्या बदलाचा दोष माणसाला का?’ हा दुसरा नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर बर्फाच्याच पोटात सापडते. अंटार्क्टिकावर दरवर्षी पडणारे हिम आदल्या वर्षीच्या हिमावर दबते आणि दबताना त्या काळची हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने कोंडून ठेवते. खोलवर वेध घेऊन काढलेला बर्फाचा दंडगोल म्हणजे वर्षावार लिहिलेली बखरच. रशियाच्या व्होस्टोक केंद्रावरील दंडगोलाने ४ लाख २० हजार वर्षांचा, तर युरोपीय शास्त्रज्ञांनी काढलेल्या दंडगोलाने ८ लाख वर्षांचा इतिहास उलगडला. जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटर खोलीपर्यंत पोहोचून किमान १२ लाख वर्षे जुने बर्फ बाहेर काढण्यात आले.

ही बखर काय सांगते? ८ लाख वर्षांत हवेतील कर्बवायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १८० ते ३०० या मर्यादेतच वरखाली होत राहिले. हिमयुगात ते खाली गेले, उबदार काळात वर आले. औद्योगिक क्रांतीच्या आधी ते २८० होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ होते. २०२४ मध्ये वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. आठ लाख वर्षांच्या बखरीत या आकड्याला जागा नाही.

हा वायू आजच्या झाडाझुडपांतून आला नाही कशावरून? दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत असल्यामुळे त्यांतील किरणोत्सारी कार्बन केव्हाच संपून गेलेला असतो. हवेतील कार्बनमध्ये अशा ‘जुन्या’ कार्बनचा वाटा वाढत असल्याचे मोजणीत दिसते. सूर्यच अधिक तापला म्हणावे, तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवेत. प्रत्यक्षात खालचा थर तापत असताना वरचा थर थंडावतो आहे. घोंगडी पांघरल्यावर आतली ऊब अडते आणि बाहेरचा पृष्ठभाग गार राहतो, तसे हे आहे. कर्बवायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने पाहिले होते, आणि तो वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले होते. अलीकडच्या राजकारणातून जन्मलेला हा सिद्धान्त नव्हे.

‘एखाद-दोन अंशांनी काय बिघडते?’ असेही विचारले जाते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्याहून अवघे पाच-सहा अंशांनी कमी होते. तेव्हा समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार कालखंडात तो आजच्याहून पाच ते दहा मीटर वर होता. पृथ्वीच्या बाबतीत एक अंश म्हणजे माणसाच्या अंगातला एक अंश ताप समजावा. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले.

उत्तरेचा आरसा

उत्तर ध्रुवीय प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पांढरे बर्फ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवते. काळाभोर समुद्र तो जवळजवळ सर्व शोषून घेतो. बर्फाचा आरसा एकदा फुटला की उघडे पाणी तापते आणि तापलेले पाणी आणखी बर्फ वितळवते. शिवाय बर्फ आहे तोवर आलेली उष्णता ते वितळवण्यात खर्ची पडते. शून्य अंशाचे बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापते. बर्फ संपले की ही ढाल संपली.

सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तरेचे समुद्रबर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घसरले. उपग्रहांनी केलेल्या नोंदींतील तो नीचांक २०२५ पर्यंत मोडला गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मार्च २०२५ मधील हिवाळी कमाल विस्तार तोपर्यंतच्या सर्व नोंदींत सर्वांत कमी होता. दक्षिणेत तर चित्र अधिकच चमत्कारिक. तेथील समुद्रबर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढत होते, त्यानंतर ते एकाएकी घसरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नीचांकाला पोहोचले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीनलंडच्या हिमखंडाच्या ३,२०० मीटर उंच माथ्यावर पाऊस पडला. तेथे पावसाची नोंद होण्याची ती पहिलीच वेळ.

या घडामोडींचा भारताशी संबंध काय? भारताने २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात ‘हिमाद्री’ हे केंद्र उघडले आणि २०१४ मध्ये तेथील सागरी खाडीत ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा पाण्याखाली सोडली, ती हौसेखातर नव्हे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उत्तरेकडील कारा समुद्रातले उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यातील संभाव्य संबंध दाखवून दिला. संशोधन अद्याप चालू आहे. पण विदर्भातला कापूस उत्पादक शेतकरी आणि ध्रुवावरचे बर्फ एकाच वातावरणाचे रहिवासी आहेत, एवढे त्यातून स्पष्ट होते.

दूरचे बर्फ, दारातला समुद्र

सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात आले की जगभरची पातळी एक मिलिमीटर वाढते. यावरून ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका मिळून वर्षाला एक मिलिमीटरहून अधिक भर घालतात हे सहज समजेल. त्यात पर्वतांवरील हिमनद्यांचे पाणी आणि तापलेल्या पाण्याचे प्रसरण मिळवावे. १९९३ पासून उपग्रहांनी मोजलेली एकूण वाढ सुमारे १० सेंटिमीटर आहे आणि वाढीचा वार्षिक वेग या काळात दुपटीहून अधिक झाला आहे.

बर्फापासून दूर असलेले देश सुरक्षित, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. प्रचंड हिमखंड आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की ओढ सैल होते आणि ते पाणी दूर पसरते. त्यामुळे ध्रुवावरील बर्फ वितळल्याने होणारी वाढ ध्रुवाजवळ कमी आणि विषुववृत्ताच्या आसपास सरासरीहून काहीशी जास्त असते. आपण त्या दूरच्या टोकाला आहोत.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जाते. मुंबईचे पावसाळी पाणी समुद्रात सोडणारी बहुतेक मुखे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यात भरतीची भर पडली आणि शहराला पाणी बाहेर टाकता आले नाही. तो पाऊस ध्रुवावरच्या बर्फामुळे आला असे कोणी म्हणणार नाही. परंतु समुद्राची पायरी जसजशी चढेल, तसतसे पाणी बाहेर काढण्याचे तास कमी होत जातील.

शहराला निदान वाचा आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटातील शेतकऱ्याला तीही नाही. बांध घालून आणि उघाड्या बसवून पिढ्यान् पिढ्या त्याने खाडीचे पाणी भातशेतीबाहेर ठेवले. गोव्यातील खाजन जमिनीही अशाच बांधांवर आणि ‘मानस’ नावाच्या दारांवर उभ्या आहेत. उधाणाच्या भरतीत बांधाला एक खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पण तिवरांच्या मुळाशी पाणी साचून राहावे तसे शेतात साचले तर कोणतेही भात तग धरणार नाही. बंगालमधील घोडामारा बेटाने आपली निम्म्याहून अधिक भूमी गमावली आहे. तेथे जमीन खचणे आणि नदीची धूप हीही कारणे आहेत. वाढता समुद्र त्यांना जोर देतो. बेट सोडून गेलेल्या कुटुंबांना कारणांची टक्केवारी विचारून काय उपयोग?

अतिशयोक्ती आणि आंधळेपणा

या विषयात दोन दोष टाळायला हवेत. पहिला अतिशयोक्तीचा. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २००७ च्या अहवालात होते. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ विजयकुमार रैना यांनी २००९ मध्ये प्रत्यक्ष मोजणीच्या आधारे वेगळे चित्र मांडले. भारताच्या दुसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व करणारे रैना ते हेच. जानेवारी २०१० मध्ये समितीने आपली चूक मान्य केली. डोळ्यांनी पाहिलेले आणि हातांनी मोजलेले सांगण्याचे धैर्य भारतीय शास्त्रज्ञाने दाखवले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण त्या एका चुकीचा आधार घेऊन सारेच थोतांड ठरवणे हा दुसरा दोष. २०३५ चा आकडा चुकला, हिमनद्यांचे आक्रसणे चुकले नाही. ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या पाण्याने भरलेले सरोवर फुटले आणि तिस्तेवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. ज्या मोजणीने अतिशयोक्ती उघडी पाडली, तीच मोजणी धोकाही सांगते. एक स्वीकारून दुसरा नाकारणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

वाटा कोणाचा, वाट कोणती?

शेवटचा प्रश्न न्यायाचा. हवेत आजवर साचलेल्या कर्बवायूत एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चतुर्थांश आहे. जगाच्या लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाहून अधिक माणसे असलेल्या भारताचा चार टक्क्यांच्या आसपास. आज अमेरिकी माणूस वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू सोडतो, भारतीय माणूस सुमारे २ टन. ज्याने बांध फोडला त्याने माती आणावी, हा साधा गावचा न्याय आहे, आणि तो जागतिक परिषदांत ठणकावून सांगण्याचा भारताला पूर्ण अधिकार आहे.

मात्र अधिकाराने समुद्र थांबत नाही. खारे पाणी शेतात शिरताना दोषी कोण हे विचारत नाही. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि वायू यांच्यावाचून चालणारी झाली. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचाच वाटा अजून मोठा आहे, हे विसरून चालणार नाही. समुद्र या शतकात सुमारे एक फूट वाढतो की एक मीटर, याचे उत्तर पुढच्या काही दशकांत जग काय जाळते यावर बव्हंशी अवलंबून आहे.

घराघरांत आणि गावागावांत करण्याजोगे कामही लहान नाही. खाडीकाठचे कांदळवन राखणे, त्यावर भराव पडू लागला तर वेळीच आवाज उठवणे, नाल्यांची मुखे मोकळी ठेवणे, बांधांची पावसाळ्यापूर्वी डागडुजी होते की नाही ते पाहणे आणि वीज व इंधन वापरताना हात आखडता घेणे, यांपैकी कशासाठीही ध्रुवावर जावे लागत नाही.

खारेपाटात एके काळी बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस घमेले घेऊन धावत असे. खांड कोणाच्या शेतासमोर पडली याची चौकशी नंतर होई, आधी माती पडे. कारण पाणी एकदा आत शिरले की अलीकडचे शेत आणि पलीकडचे शेत असा भेद उरत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाखाली विसावली आहे. तिच्या नावाची हिमनदी मात्र तसूतसूने मागे सरकते आहे. त्या सरकण्याचा अर्थ ओळखून वेळेवर घमेले उचलायचे, की चौकशीच करीत बसायचे, एवढाच निर्णय आपल्या पिढीच्या हाती आहे.